आयपी ॲड्रेस आमचा निघाला, म्हणजे गुन्हा आमचाच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "घरचं ब्रॉडबँड माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आहे. गेल्या आठवड्यात त्याला सायबर पोलिसांची नोटीस आली. कुठल्या तरी सोशल मीडिया खात्यावरून एकाला धमकीचे मेसेज गेले आणि त्या खात्याचा आयपी ॲड्रेस आमच्या कनेक्शनचा निघाला, असं त्यात लिहिलंय. घरात कुणीच असलं काही केलेलं नाही. आयपी जुळला म्हणजे गुन्हा सिद्धच झाला का? आणि कंपन्या या नोंदी ठेवतात तरी किती दिवस?"

भावाला आधी एक सांगा: राउटरला हात लावू नकोस. रीसेट नको, बदलून टाकणं नको, आणि फोन-लॅपटॉप फॉरमॅट करणं तर अजिबात नको. घाबरलेली माणसं पहिल्या रात्री हेच करतात आणि आपल्या बाजूचा पुरावा आपल्याच हाताने पुसतात. शिवाय तपास अधिकाऱ्याला ती लपवाछपवी वाटते. राउटरच्या ॲडमिन पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, कधी कधी सिस्टम लॉगही, म्हणजे राउटरने स्वतः ठेवलेली नोंद, असतो. त्याचे फोटो काढून ठेवा.

मग नोटीस कुठल्या कलमाखाली आहे ते वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ असेल, तर एखादी वस्तू किंवा कागद हजर करायला सांगितलंय. कलम १७९ असेल, तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. कलम ३५ चं पोटकलम ३ असेल, तर संशय तुमच्यावर आहे. तिन्हींत फार फरक आहे. शेवटचं असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नका, पण ठरलेल्या दिवशी जाच. त्या नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना तशी कारणं लेखी नोंदवावी लागतात. यापुढचं कायद्याचं वकिलाकडून समजून घ्या. मी नेटवर्कचा माणूस आहे, मी माझ्या बाजूचं सांगतो.

इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांमध्ये माझी २२ वर्षं गेली. त्यातली शेवटची ९ तपास यंत्रणांच्या पत्रांना उत्तरं देण्याच्या टेबलावर. "अमुक वेळी हा आयपी कुणाकडे होता, त्याचं नाव-पत्ता कळवा" या एकाच वाक्याची किती पत्रं वाचली याची गणती नाही. बहुतेक वेळा उत्तर बरोबर निघतं आणि त्यातून खरे गुन्हेगार सापडतात, लहान मुलांना छळणारे सापडतात, म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटणारे सापडतात. ते काम मी मनापासून केलं. पण उत्तर चुकतं तेव्हा ती चूक कागदावर दिसत नाही. चुकीचं नावही बरोबर नावाइतकंच ठसठशीत छापून येतं, खाली सही-शिक्का तोच असतो, आणि ज्याच्या दारात पोलिस येतात त्याला वाटतं की कॉम्प्युटरनेच आपलं नाव काढलंय, आता बोलायला जागा नाही.

जागा असते. ती कुठे कुठे असते ते बघू.

आयपी ॲड्रेस माणसाला दिलेला नसतो. तो जोडणीला दिलेला असतो, आणि आजकाल तर एका जोडणीलाही पूर्ण मिळत नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. जगभरच्या साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. तोवर आपल्याकडे स्मार्टफोनची लाट यायची होती. मग कंपन्यांनी काय केलं? एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायला सुरुवात केली. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. मोबाइलवर तर हे सर्रास आहे, आणि घरच्या ब्रॉडबँडलाही बरेच छोटे-मोठे पुरवठादार हेच वापरतात.

चाळीचं उदाहरण घ्या. चाळीला पोस्टाचा पत्ता एकच, पण खोल्या साठ. पाकिटावर खोली नंबर नसेल तर पोस्टमनला दारोदार विचारावं लागतं. नॅटमध्ये खोली नंबरचं काम पोर्ट करतो. एका पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट असतात. प्रत्येक ग्राहकाला हजार-हजार पोर्टचा गठ्ठा दिला, तर एका पत्त्यामागे साठेक घरं सहज बसतात. म्हणजे नुसता आयपी सांगितला आणि पोर्ट सांगितला नाही, तर तुम्ही चाळीचं नाव सांगितलं, खोली सांगितलीच नाही.

आणि पत्रात पोर्ट नसणं ही नेहमीची गोष्ट आहे, कारण समोरच्या वेबसाइटने तो नोंदवलेलाच नसतो. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने जून २०११ मध्येच, आरएफसी ६३०२ मध्ये, सांगून ठेवलंय की सर्व्हरने येणाऱ्या प्रत्येक जोडणीचा आयपी, सोर्स पोर्ट (म्हणजे जोडणी करणाऱ्याच्या बाजूचा पोर्ट) आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ लिहावी. साधी, छोटी शिफारस आहे. तरी आजही कित्येक साइट्सच्या लॉगमध्ये पोर्टचा रकानाच नसतो. २०१७ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलिस संस्थेनेही जाहीर तक्रार केली की एक आयपी अनेकांत वाटला जात असल्यामुळे तपास अडतो. तक्रार खरी आहे. पण तपास अडतो म्हणून अंदाजाने नाव द्यायचं नसतं.

आता वेळेचं. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका सकाळी ईमेलने पत्र आलं. खाली तक्ता, तीन रकाने: आयपी, तारीख, वेळ. आयपी समजा २०३.०.११३.४५. हा पत्ता मुद्दाम घेतोय, कारण हा गट फक्त उदाहरणांत लिहायला राखून ठेवलेला आहे, तो कुणाच्याच घरी नसतो. वेळ लिहिली होती ०६:१२:४०. बस. सकाळ की संध्याकाळ, कुठल्या देशाची वेळ, काही नाही. मी शोध लावला. भारतीय वेळ धरून सकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी तो पत्ता एका निवृत्त शिक्षिकेच्या कनेक्शनला होता. तेवढ्यात सवयीने दुसरा शोध लावला, तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरून. यूटीसीमध्ये साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते, म्हणजे ११:४२:४०. त्या वेळी तोच पत्ता एका वसतिगृहाकडे होता. मधल्या काळात शिक्षिकाबाईंचा राउटर बंद-चालू झाला होता, त्यांना दुसरा पत्ता मिळाला आणि हा पत्ता पुढे गेला.

स्क्रीनवर दोन नावं शेजारी शेजारी होती. पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला घाई होती, त्याने दोनदा फोन केला. मी म्हटलं, साइटकडून आलेला मूळ उतारा पाठवा. दोन दिवसांनी आला. त्यात वेळेपुढे स्पष्ट 'यूटीसी' लिहिलं होतं. पत्र टाइप करताना ती तीन अक्षरं गळाली होती. पहिल्याच शोधावर उत्तर धाडलं असतं तर पोलिस त्या बाईंच्या दारात उभे राहिले असते, आणि माझ्या सहीचा कागद त्यांच्या हातात असता.

ही दुसऱ्यांची चूक झाली. एक आमच्याकडची सांगतो. एका नॅट यंत्राचं घड्याळ कित्येक दिवस ७ मिनिटं मागे चालत होतं. कुणीतरी फायरवॉलचे नियम बदलले आणि त्यात घड्याळ जुळवणारी एनटीपीची वाट बंद झाली. नेटवर्क उत्तम चालू होतं, ग्राहकांची एकही तक्रार नव्हती, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. पण जिथे पोर्टचे गठ्ठे काही मिनिटांनी एकाकडून दुसऱ्याकडे जातात, तिथे ७ मिनिटं म्हणजे शेजारच्या खोलीचं दार. लक्षात आल्यावर त्या दिवसांतली पाठवलेली सगळी उत्तरं पुन्हा काढली. दोन ठिकाणी नाव बदललं. दोन्ही ठाण्यांना मी स्वतः फोन केला. नशिबाने दोन्हीकडे तपास पुढे सरकला नव्हता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सगळ्यांनी घड्याळं सरकारी एनटीपी सर्व्हरशी जुळवावीत असं सांगितलंय. त्या आदेशातल्या बऱ्याच गोष्टींवर माझा आक्षेप आहे, पण हे कलम मला मनापासून पटतं.

अशा चुकांची किंमत काय असते? २००७ मध्ये बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी पकडून आणलं. सेवा पुरवठादाराने आयपीवरून दिलेलं नाव चुकीचं होतं. खरे आरोपी दुसरेच निघाले. तोवर त्या मुलाचे ५० दिवस येरवड्यात गेले होते. आमच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगत आलो.

आता समजा वेळ बरोबर, पोर्ट बरोबर, नोंद बरोबर. तरी उत्तर येऊन थांबतं ते तुमच्या राउटरपाशी. त्याच्या आत कुणाच्या हातात कुठला फोन होता हे कंपनीला माहीत नसतं, कळण्याची सोयही नसते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला. त्याचा आयपी नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरचा निघाला. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. तुमच्या घरी वाय-फायचा पासवर्ड कुणाकुणाला दिलाय ते आठवा: भाडेकरू, शिकवणीची मुलं, वरच्या मजल्यावरचे पाहुणे. राउटरवर कंपनीने चिकटवलेला मूळ पासवर्ड अजून तसाच आहे का? घरात स्वस्तातला कॅमेरा किंवा टीव्ही बॉक्स आहे का? अशी उपकरणं बाहेरच्या लोकांच्या ताब्यात जातात आणि त्यांची रहदारी तुमच्या पत्त्यावरून बाहेर पडते. काही फुकट व्हीपीएन (आपला खरा आयपी लपवणारी) ॲप्सही तुमची जोडणी परक्यांना वापरायला देतात. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर असलं ॲप आहे का ते बघा, पण सापडलं तर लगेच काढून टाकू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या आणि वकिलाला दाखवा.

इथे एक वेगळी गोष्ट आठवली, ती सांगण्यासारखी आहे. 'आयपी नकाशावर बघा' असं सांगणाऱ्या साइट्स असतात ना, त्यांच्यावर कधीच विसंबू नका. अशी माहिती विकणाऱ्या मॅक्समाइंड या अमेरिकन कंपनीला एखाद्या आयपीबद्दल 'अमेरिकेत कुठेतरी' एवढंच माहीत असेल, तर ती देशाच्या साधारण मध्यावरचा बिंदू दाखवायची. आकडे सुटसुटीत म्हणून ३८ अक्षांश, ९७ रेखांश. तो बिंदू पडत होता कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर. साठ कोटींवर आयपी त्या एका घराकडे बोट दाखवत होते. वर्षानुवर्षं तिथे पोलिस, तपास अधिकारी, फसवले गेलेले चिडलेले लोक येत राहिले आणि घरच्यांना कारणच कळेना. २०१६ मध्ये एका पत्रकार बाईंनी ते शोधून काढलं, मग कंपनीने तो बिंदू उचलून एका तळ्यात नेऊन ठेवला. 'माहीत नाही' हे उत्तर ज्या तक्त्यात लिहिता येत नाही, तो तक्ता कुणाच्या तरी घराचा पत्ता लिहून मोकळा होतो.

पुराव्याच्या बाजूने तुमच्या वकिलाला एक गोष्ट नक्की बघायला सांगा. कंपनीने दिलेला लॉगचा उतारा कोर्टात चालायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं, आणि ते प्रकरण आपल्या जालन्याचं: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत भरला की नंतर, यावरचा वाद आणि त्यासाठीचं व्हिडिओ चित्रण. म्हणजे तिथेही भांडण घड्याळाचंच. नव्या कायद्यातल्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. एक्सेलमध्ये पुन्हा टाइप केलेला तक्ता आणि यंत्रातून निघालेली मूळ फाइल यांतला फरक तिथे उघडा पडतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नोंदी किती दिवस. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हापासून कॉलच्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्याआधी एक वर्ष होतं. सर्ट-इनच्या त्याच २०२२ च्या आदेशाने सर्व्हर आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आणि व्हीपीएन देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं. त्यावर काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच उचलले.

तुमच्यासाठी याचा एक फायदा आहे. ज्या दिवसाबद्दल नोटीस आहे त्या दिवसाचा मूळ लॉग बहुधा अजून शिल्लक आहे. वकिलामार्फत कंपनीला लेखी कळवा की तो पुसू नये, आणि गरज पडली तर न्यायालयाला तो मागवायला सांगा. निर्दोष माणसालाही लॉग कामी येतो, हे मी पाहिलंय.

तरीही दोन वर्षांची साठवण मला चुकीची वाटते, आणि हे मी त्या गोदामाची किल्ली सांभाळलेला माणूस म्हणून सांगतो.

आपल्याकडे बोलणं ऐकायचं असेल, म्हणजे फोन टॅप करायचा असेल, तर निदान काही पायऱ्या आहेत. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्या घालून दिल्या, २००७ मध्ये त्या तार नियमांत ४१९-अ म्हणून आल्या, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम झाले. गृहसचिवांचा आदेश लागतो, त्याला मुदत असते, आढावा समिती असते. त्या पायऱ्या पुरेशा आहेत असं मी म्हणत नाही, तिथे न्यायाधीश कुठेच नाही. पण पायऱ्या आहेत. नोंदींना मात्र पोलिसांचं कलम ९४ चं पत्र पुरतं. कायदा असं धरून चालतो की बोलणं म्हणजे खासगी आणि नोंद म्हणजे किरकोळ हिशेब.

दोन वर्षांच्या नोंदी समोर घेऊन बसलेल्याला विचारा, त्या किती किरकोळ असतात. मोबाइल मध्यरात्री कुठल्या टॉवरवर असतो आणि दर गुरुवारी दुपारी कुठल्या, वकिलाला पहिला फोन कधी गेला, कर्करोगाच्या दवाखान्याचा नंबर कधीपासून दिसायला लागला. मेसेजमधला एक शब्द न वाचता माणूस उलगडत जातो. एकदा एका माणसाच्या नोंदी काढताना मला त्याच्या घरात काय चाललंय हे त्याच्या बायकोच्या आधी कळलं होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन नीट जेवलो नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, कार्पेंटरच्या खटल्यात, हेच ओळखलं. पोलिसांनी एकाच्या १२७ दिवसांच्या टॉवर नोंदी वॉरंटशिवाय घेतल्या होत्या. न्यायालय म्हणालं, सात दिवस किंवा त्याहून जास्त दिवसांच्या अशा नोंदी हव्या असतील तर वॉरंट आणा. युरोपात २००६ चा एक निर्देश होता, सहा महिने ते दोन वर्षं सरसकट सगळ्यांच्या नोंदी ठेवा सांगणारा. तिथल्या न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ ला तो रद्दच केला.

आणि साठवलेली गोष्ट फक्त पोलिसच वापरतात, हे कधीच खरं नव्हतं. २०१३ मध्ये राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या कॉल नोंदी मिळवण्याचा प्रयत्न झाला. दिल्ली पोलिसांच्या एका हवालदाराने वरिष्ठाच्या ईमेल खात्यावरून कंपनीकडे त्या मागितल्याचं तपासात समोर आलं. त्यानंतर अशी मागणी अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच यावी असं ठरलं. तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांना कॉल नोंदी विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडावं लागलं. विरोधी पक्षनेत्याच्या नोंदींपर्यंत हात पोचत असेल, तर नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या एखाद्या बाईच्या नोंदी कोण वाचवणार?

ऐकण्याच्या यंत्रणेचंही तेच झालं. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एक्सचेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली होती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास कुणीतरी त्यात गुपचूप स्वतःचा कोड घुसवला आणि पंतप्रधान कारामानलिस यांच्यासह शंभरावर लोकांचे फोन ऐकले. मार्च २००५ मध्ये ते कंपनीच्या लक्षात आलं, तेही त्या कोडच्या बदलामुळे काहींचे एसएमएस अडकायला लागले म्हणून. सगळ्यात ताजं उदाहरण २०२४ चं: सॉल्ट टायफून नावाने ओळखली जाणारी, चीनशी संबंधित टोळी अमेरिकेच्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांत शिरली आणि न्यायालयीन आदेशांसाठी बांधलेल्या टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचली. त्यानंतर डिसेंबरमध्ये तिथल्याच सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरा असा सल्ला दिला.

मला काय हवंय ते अगदी साधं आहे. कमी दिवसांची साठवण, सहा महिने भरपूर होतात. एखाद्या प्रकरणात गरज असेल तर त्या एकाच ग्राहकाच्या नोंदी लेखी आदेशाने गोठवा, बाकीच्या कोट्यवधींच्या कशाला? दीर्घ काळाच्या नोंदींसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्या. आणि मागणीच्या पत्राचा नमुना देशभर एकच करा, ज्यात पोर्ट, सेकंदासह वेळ आणि वेळेचा पट्टा हे रकाने रिकामे ठेवताच येणार नाहीत. या शेवटच्या गोष्टीला नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही.

आम्ही आमच्यापुरतं ते केलं होतं. नॅटमागच्या पत्त्यासाठी पोर्टशिवाय पत्र आलं तर नाव पाठवायचं नाही. त्या क्षणी त्या आयपीमागे किती ग्राहक होते तेवढा आकडा कळवायचा आणि मूळ उतारा मागायचा. सुरुवातीला अधिकारी चिडले, एक-दोघांनी वर तक्रारही केली. काही महिन्यांनी त्याच ठाण्यांच्या पत्रांत पोर्टचा रकाना दिसायला लागला. एका उपनिरीक्षकाने तर मुद्दाम फोन करून विचारलं की साइटकडे माहिती मागताना नेमकं काय काय मागायचं. अर्धा तास आम्ही बोललो. पुढे त्याच्या ठाण्याच्या पत्रांत वेळेपुढे 'यूटीसी' किंवा 'आयएसटी' लिहिलेलं नाही असं कधी झालं नाही.

तुमच्या भावाच्या नोटिशीत, किंवा तिच्यासोबत जोडलेल्या तक्त्यात, आयपीच्या पुढे पोर्ट लिहिलाय का आणि वेळेपुढे काही अक्षरं आहेत का, एवढं बघून कळवा. नाव, नंबर, पत्ता इथे लिहू नका. ते दोन रकाने बघितले की पुढचं मला नेमकं सांगता येईल.